चाकाचा नट आणि पायाचा जोर

चाक बदलून झालं की भल्याभल्यांच्या अंगात पैलवान संचारतो. पाना नटावर आडवा बसवायचा, दांड्यावर पाय ठेवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून दोन हिसके द्यायचे. नट करकरला की जीव थंड. गाडी जुनी पिकअप असेल तर दोनाचे चार हिसके होतात, कारण एवढं दणकट धूड, त्याचा नटही तसाच आवळायला नको का!

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. पान्याचा दांडा ४५ सेंटिमीटर आणि वर उभा राहणारा माणूस ७० किलोचा धरला, तर नुसतं उभं राहण्यानेच नटावर ३०० न्यूटन-मीटरच्या वर पिळा, म्हणजे टॉर्क, बसतो. हिसके वेगळेच. जुन्या हलक्या पिकअपच्या अर्धा इंची स्टडला (नट ज्यावर फिरवून बसवतात त्या आट्यांच्या खिळ्याला) साधारण १३५ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या भाषेत १०० फूट-पाउंड. १४ मिलिमीटरचा जाड स्टड असेल तर १९० च्या आसपास. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकातच बघायचा, पण तो तीनशे नसतो एवढं नक्की. त्याच दांड्याच्या टोकाला हाताने तीसेक किलोचा जोर लावला की १३५ होतात. पायाची गरजच नाही.

मुळात चाक नटावर टांगलेलं असतं हीच समजूत चुकीची. नट आवळला की स्टड ताणला जातो, आणि तो आखडायला बघतो म्हणून चाक हबवर, म्हणजे ते बसतं त्या मधल्या तबकडीवर, दाबून धरलं जातं. स्टड म्हणजे खरं तर एक फार कडक स्प्रिंग. तो ताणला जातो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि तेवढ्यात एकेक नट चाकाला पाच टनांच्या आसपास जोराने दाबतो. गाडीचं वजन, ब्रेकचा धक्का, खड्ड्यांचा मार, हे सगळं पेलतं ते या दाबातून येणारं चाक आणि हब यांच्यामधलं घर्षण. दाब कमी पडला की चाक हबवर किंचित सरकू लागतं, भोकं घासतात, स्टडला वाक बसतो आणि तो थकून तुटतो. उलट फार ताणला तर तो कायमचा लांबतो. लांबलेली स्प्रिंग पुन्हा आखडत नाही, त्यामुळे वरून घट्ट वाटणारा नट आतून ढिलाच असतो. जास्त आवळणं आणि कमी आवळणं यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो, हे मला या सगळ्या प्रकारातलं सर्वात गमतीचं वाटतं.

त्यात आणखी एक मेख. आपण लावलेल्या पिळ्यातला जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला कामी येतो. बाकीचा नटाच्या तोंडाशी आणि आट्यांत घासण्यातच खर्ची पडतो. जुन्या गाडीचं दुखणं इथेच आहे. आटे गंजलेले असले तर टॉर्क रेंच, म्हणजे पिळा मोजणारा पाना, इमानाने आकडा दाखवतो, पण तो आकडा गंजाशी झालेल्या झटापटीचा असतो आणि स्टड जवळजवळ तसाच राहतो. म्हणून आधी वायरब्रश. आटे साफ करायचे, हबचा चाकाला टेकणारा भाग घासायचा, चाकाची मागची बाजूही. तिथे गंजाचे पापुद्रे किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर थोडं अंतर चालल्यावर तो चुरडून बसतो आणि दाब आपोआप उतरतो. या पाच मिनिटांचा कंटाळा करणाऱ्यांनी महागडा टॉर्क रेंच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तेल लावलं की झालं? पुस्तकातला आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल किंवा ग्रीस लावून तोच आकडा गाठला तर घासण्यात कमी जातं आणि स्टडवर भलताच ताण येतो. पुस्तक सांगत असेल तरच तेलाचा थेंब.

नट आधी हाताने फिरवून पूर्ण बसवायचे, निमुळतं तोंड चाकाकडे. (ते बाहेर ठेवणारे महाभाग असतात, आणि नट छान बसला असं शपथेवर सांगतात.) मग चाक जमिनीला टेकेल एवढा जॅक उतरवायचा आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळत न्यायचं. पाच नट असतील तर एक सोडून एक, सहा किंवा आठ असतील तर समोरासमोर. शेजारून शेजारी आवळत गेलं की चाक एका अंगाने टेकतं. हवेच्या गनने नट झटपट बसतात हे खरं, पण शेवटची फेरी हातानेच बरी. टॉर्क रेंच सावकाश ओढायचा, ‘टक्’ झालं की थांबायचं. खात्रीसाठी आणखी दोनदा ‘टक् टक्’ करणाऱ्याचा हात दर वेळी नट थोडा पुढे नेण्याचीच शक्यता जास्त.

खूप जुन्या काही अमेरिकी गाड्यांत, क्रायस्लर आणि डॉज धरून, डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. अशा गाडीचा नट ‘सोडताना’ माणूस तो आवळत राहतो, आणि शेवटी स्टड तोडून मोकळा होतो. जोर लावण्याआधी स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला आहे का ते बघावं.

चाक बसवल्यावर ८० ते १५० किलोमीटरनंतर पुन्हा एक फेरी मारायची. बहुतेक नट जागचे हलत नाहीत, रेंच लगेच ‘टक्’ म्हणतो. पण एखादा पाव फेरा फिरतो. तो आवळून पुढच्या नटाकडे जाऊ नये. काढून बघावा: आटे झिजलेत का, चाकाच्या भोकाची कड घासून चकाकते आहे का, स्टड लांबलाय का. लांबलेला स्टड फेकायचा, आणि जमलं तर त्याच्या शेजारचे दोन्हीही, कारण मधल्या काळात त्याच्या वाट्याचा भार त्यांनीच वाहिलेला असतो.