तुम्ही विचारलंत म्हणून: टॉवरमुळे कॅन्सर होतो का?

लग्नात विचारतात, मुंजीत विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा असताना विचारलं. मी मोबाइल टॉवरच्या लहरी मोजते हे कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं: “मॅडम, खरं सांगा, टॉवरमुळे कॅन्सर होतो का?” या ‘खरं सांगा’त मी एरवी खोटंच सांगते हे गृहीत असतं. मोजणीचे पैसे शेवटी टेलिकॉम कंपन्यांकडूनच येतात, हा त्याचा पुरावा. येतात, खरंय. मीटरला ते ठाऊक नसतं, एवढंच म्हणते.

तर उत्तर. टॉवरपासून आपल्या घरात ज्या तीव्रतेच्या लहरी पोचतात, त्यांनी कॅन्सर होतो असं आजवरच्या संशोधनात दिसलेलं नाही. यावर लगेच कुणीतरी फोन काढून ‘२बी’ दाखवतं. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कॅन्सरकारक’ असं २बी गटात टाकलं, ते खरंच आहे. पण त्या निर्णयामागचा मुख्य पुरावा वर्षानुवर्षं फोन कानाला लावणाऱ्यांचा होता, टॉवरखाली राहणाऱ्यांचा नव्हे. आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्यावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

हे सगळं मी पूर्वी फार झोकात सांगायचे. सोबत ठेवणीतलं वाक्य असायचं: “लहरी ठरलेल्या मर्यादेच्या आत म्हणजे सुरक्षित, विषय संपला.” त्या वेळच्या मला आज समोर बसवलं तर आमचं भांडण होईल. कारण ही मर्यादा आली कुठून? प्राण्यांवरच्या प्रयोगांत, शरीराच्या दर किलोला साधारण ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की अंग अंशभर तापतं आणि वागण्यात फरक पडतो. त्याला सामान्य माणसांसाठी ५० ने भागलं, की आंतरराष्ट्रीय मर्यादा तयार. म्हणजे ती बांधलीय तापण्याविरुद्ध. लोक मला विचारतात ते मात्र पंचवीस वर्षं रोज थोडंथोडं अंगावर घेतल्यानं काय होतं, हे. त्याचं उत्तर त्या भागाकारात नाही, रुग्णांच्या नोंदींत शोधावं लागतं. नॉर्डिक देशांत अशा नोंदी जुन्या आणि नीट ठेवलेल्या आहेत. मोबाइल घरोघरी पोचल्यावर तिथे मेंदूच्या कॅन्सरचं प्रमाण उसळलेलं दिसत नाही. मला हा पुरावा मर्यादेपेक्षा जास्त पटतो. पण ‘विषय संपला’ म्हणण्याइतका? तिथे मी अडते.

आणि २०१२ चा तो निर्णय! सप्टेंबरपासून भारताने टॉवरसाठीची मर्यादा थेट एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झ या मोबाइलच्या एका वारंवारतेला चौरस मीटरला ४.५ वॅट चालायचे, ते ०.४५ झाले. लोकांना हायसं वाटावं म्हणून हे केलं असेल, तर हसावं की रडावं. कारण पुढच्या प्रत्येक सोसायटी मीटिंगमध्ये एकच सूर: “म्हणजे इतकी वर्षं आम्हाला दहापट विष पाजत होता?” खबरदारी घेतली तीच गुन्ह्याची कबुली ठरली. मला तेव्हा तो निव्वळ घाबरटपणा वाटला होता. आता वाटतं, मी सरकारात असते तर मीही हेच केलं असतं. पुन्हा वाटतं, नसतं केलं. अजून ठरत नाही.

या डळमळण्याला डोंबिवलीची एक मोजणी कारण आहे. चौथा मजला. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर अँटेना, बरोबर बेडरूमच्या खिडकीच्या रेषेत. घरातल्या सात वर्षांच्या मुलाला ब्लड कॅन्सर झालेला. तो परळला ऍडमिट, वडील त्याच्यापाशी. आई मोजणीसाठी मुद्दाम घरी आलेली. खोलीत सेक्रेटरी, शेजारी, दाराशी दोन काकू. मी सगळ्यांना फोन बंद करायला सांगितलं, मुलाच्या पलंगाशेजारी ट्रायपॉड लावला. सहा मिनिटांचं रीडिंग. आकडा १.२ व्होल्ट प्रति मीटरच्या आसपास खेळत होता. त्याची तीव्रता काढली तर मर्यादेच्या एक टक्क्याहूनही कमी.

आणि मध्येच आकडा उसळून दुपटीवर गेला. सेक्रेटरींच्या खिशातला फोन वाजत होता. “अरेच्चा, बंद करायचा राहिलाच,” म्हणत ते बाहेर पळाले. आकडा पुन्हा खाली.

आईने ते पाहिलं. म्हणाली, “ताई, हे फोनमुळे झालं?” मी समजावलं. फोन हातभर अंतरावर होता, टॉवर तिकडे लांब. अंतर वाढलं की तीव्रता झपाट्यानं उतरते, म्हणून अंगाजवळचा छोटा फोनही लांबच्या टॉवरला मागे टाकतो. हा माझा पाठ झालेला धडा. एरवी हे ऐकून लोक चिडतात, टॉवर सुटला म्हणून.

ती चिडली नाही. म्हणाली, “तो जेवायचा नाही. मग मीच फोन द्यायचे त्याच्या हातात. रोज, दोन्ही वेळा.”

समोरच्या गच्चीवर बोट दाखवता येत होतं तोवर तिला निदान कुणाशी तरी भांडता येत होतं. माझ्या मीटरनं ते बोट तिच्याकडे वळवलं.

मी म्हटलं, “फोनमुळे नाही झालं. तुमच्यामुळे तर नाहीच.” शास्त्राच्या भाषेत हे असं ठाम कुणी बोलत नाही, तिथे ‘पुरावा आढळला नाही’ म्हणतात. मुलांच्या ब्लड कॅन्सरचं नेमकं कारण बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तर मी कोण? पण त्या खोलीत ‘पुरावा आढळला नाही’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी निघणार नाहीत. मग तोच ठामपणा टॉवरच्या बाबतीत का नाही, असं विचाराल तर विचारा. माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

राहता राहिला तुमचा दुसरा लाडका प्रश्न: “स्वतःच्या गच्चीवर टॉवर लावू द्याल का?” आमच्या सोसायटीत प्रस्ताव आला होता, मी हो म्हटलं. अँटेनाचा झोत बहुतांशी आडवा समोर जातो, तिच्या थेट खाली फार थोडं पोचतं. माझ्याच आईने विरोधात हात वर केला आणि ठराव पडला. घरात रेंज अजूनही रडतखडत येते. अशा रेंजमध्ये फोन जास्त जोर लावून लहरी सोडतो, म्हणून आईला इअरफोन आणून दिलाय. ती तो वापरत नाही. तुम्ही वापरा. टॉवरचीच शंका असेल तर सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरा, माणसं येऊन मोजून जातील, आकडा हातात देतील. आणि तो हातात आला की तुम्ही मला फोन करून विचारणार, “मॅडम, खरं सांगा...”