कोणत्या मापाने?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असे शाळेचे पत्र आले आणि आमच्या भूगोलाच्या सरांशिवाय दुसरा विषय सुचेना. शनिवारचा सामान्य ज्ञानाचा तास आणि वहीतले ते चार रकाने त्या वेळच्या सगळ्यांना पाठ असतील: प्रश्न, उत्तर, कोणत्या मापाने, कोणत्या सालचे. तिसरा रकाना रिकामा दिसला की सर अख्खे उत्तर चूक धरत.

‘सर्वांत उंच पर्वत एव्हरेस्ट’ एवढ्यावर गुण मिळत नसे. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट. तळापासून माथ्यापर्यंत मोजले तर हवाईतला मौना केआ, कारण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे आणि तिथून तो १०,००० मीटरहून उंच भरतो. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर इक्वेडोरमधला चिंबोराझो. त्याची उंची ६,२६३ मीटरच, पण विषुववृत्तावर पृथ्वीची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त असल्याने त्याचे टोक केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर जाते. नाईल मोठी की ॲमेझॉन, हा वादही तसाच. उगम कोणता धरला आणि मुखाशी कोणती शाखा धरली, यावर उत्तर बदलते.

चौथ्या रकान्याचे मोल मला फार उशिरा कळले. एव्हरेस्टची उंची १८५६ साली २९,००२ फूट जाहीर झाली. त्यामागचे गणित भारतीय सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांचे. नेपाळमध्ये शिरता येत नसल्याने दीडशे किलोमीटरहून दूरच्या मैदानातून थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजण्याच्या दुर्बिणीने, कोन घेतले होते. इतक्या लांबून येणारा किरण हवेच्या थरांतून वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच दिसते, म्हणून प्रत्येक ठाण्याच्या मोजणीतून ती वाढ वजा करावी लागली. पुढे १९५५ च्या भारतीय सर्वेक्षणात ८,८४८ मीटर आले, २०२० साली नेपाळ व चीनने मिळून ८,८४८.८६ जाहीर केले. साल न लिहिता यांतला कुठलाही आकडा सरांनी स्वीकारला नसता.

पण सरांचा खरा जीव एरॅटोस्थेनीसवर, म्हणजे पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या ग्रीक विद्वानावर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या मध्यान्हीच्या सावलीवरून ७.२ अंशांचा कोन काढला. दक्षिणेकडच्या सायिनी गावात त्याच वेळी सूर्य माथ्यावर. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून परीघ म्हणजे दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया (हे ग्रीकांचे लांबीचे माप) गुणिले ५०.

हे मैदानावर करायचे तर एक मीटर काठी ओळंब्याने उभी करा आणि खालची फळी पाण्याच्या पातळीने सपाट करा. ७.२ अंशांना सावली १२.६ सेंटिमीटर पडते. पहिली चूक वेळेची होते. घड्याळातले बारा हे सूर्याचे बारा नसतात. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दर अंशाला चार मिनिटे फरक पडतो, वर ऋतूनुसार सोळा मिनिटांपर्यंत. म्हणून दर पाच मिनिटांनी खूण करून सर्वांत आखूड सावली घ्यावी. दुसरी चूक कडेची. सूर्याची तबकडी अर्धा अंश रुंद, त्यामुळे सावलीचे टोक जवळजवळ नऊ मिलिमीटर धूसर असते. सात अंशांत अर्धा अंश चुकला की परीघ सुमारे सात टक्क्यांनी चुकलाच. यावर सरांचा उपाय म्हणजे टोकाला पुठ्ठ्याची चकती, मधोमध पाच मिलिमीटरचे भोक, आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य. उंची भोकापासून मोजायची आणि लांबी भोकातून सोडलेला ओळंबा जिथे टेकतो तिथून. काठी उंच केली तर चूक कमी होईल असे वाटते, पण धूसर कडही त्याच प्रमाणात रुंदावते.

आता हा तास वेळापत्रकात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मी आज शिकवतो. त्यांना चार पर्यायांतला बरोबर पर्याय झटकन सापडतो, पण तो कशाने मोजला हे विचारले की वर्ग गप्प होतो. माझ्या वर्गात चार रकान्यांची वही सक्तीची आहे, ती सरांचीच देणगी.

महोत्सव समितीला एक विनंती. आपल्याच रेखांशावरची, उत्तरेला किंवा दक्षिणेला पाचशे किलोमीटरवरची एखादी शाळा जोडीला घ्या. एकाच दिवशी दोन्हीकडे काठ्या उभ्या करा. कोनांत ४.५ अंशांचा फरक यायला हवा. ३६० भागिले ४.५, गुणिले ५००, म्हणजे ४०,००० किलोमीटर. ढग आले तर दुसरा दिवस धरा, पण दोन्ही शाळांनी तोच.