मागून काही येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या वन्संपासून सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या मंडळींपर्यंत सगळे हेच विचारतात: "फ्रान्सला लेकाकडे जाता ते ठीक. पण तिथे कालव्याच्या काठानं एकट्याच सायकल हाणता. ना गाडी, ना माणूस. भीती नाही वाटत?"

सायकलवर मला भीती वाटते ती पुण्यात. चार वर्षांपूर्वी हायवेलगतच्या सेवा रस्त्यावर मागून आलेल्या टेम्पोचा आरसा कोपराला लागला. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. तेव्हापासून हँडलच्या उजव्या टोकाला एक गोल आरसा लावलाय आणि दर पाच-सात सेकंदांनी नजर तिकडे जाते. कान तर कायम मागेच. ही रिक्षा, हा बसचा ब्रेक, हा डंपर. त्यात मान कधी आखडली ते कळलंच नाही. मला वाटायचं वयानं आखडली.

लेक रेन शहरात असतो. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं वायव्येचं टोक, तिथलं हे मोठं शहर. त्याची ग्रॅव्हल सायकल मी वापरते, सीट चार बोटं खाली करून. ग्रॅव्हल म्हटलं की आपल्याकडे लोकांना खडी वाटते आणि ते हळहळतात, "अगं, टायर फाटतील." ती खडी नव्हेच, तो मुरूम. चोपून बसवलेला, फिकट पिवळसर मुरूम. त्यावर 40 मिलिमीटरचा टायर असा चालतो की जात्यात बारीक दळण पडत असल्यासारखा एकसुरी आवाज येतो. पाऊस पडून गेला की मात्र त्याची पेज होते आणि ती चेनमध्ये शिरते. तिथे पाऊस सारखा येतो, भुरभुर, अंगावर पडतोय हे अर्ध्या तासानं कळतं असा.

मागच्या मे महिन्यात रदों ते पोंतिवी गेले. साधारण 110 किलोमीटर, मी अडीच दिवस लावले. लेक म्हणाला, एका दिवसात होतं. होत असेल.

हा नांत ते ब्रेस्त कालवा. कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडकवासल्याचा येतो, म्हणजे शेतीला आणि शहराला पाणी नेणारा. इथला बोटींसाठी. नेपोलियनच्या काळात इंग्रजांचं आरमार किनारा अडवून बसलं होतं, ब्रेस्तच्या बंदराला समुद्रातून रसद पोचेना. मग जमिनीवरून, नद्या एकमेकींना जोडून, पाण्याचीच वाट काढायची असं ठरलं. सगळा मिळून 364 किलोमीटर. पुरा झाला 1842 मध्ये, तोवर नेपोलियनही नव्हता आणि ते युद्धही नव्हतं. आणखी पश्चिमेला ग्लोमेलजवळची खोल चर ब्रेस्तच्या तुरुंगातले कैदी आणून खोदून घेतली, 1823 ते 1832. तिथवर मी अजून गेलेली नाही. मग रेल्वे आली, आणि 1930 मध्ये गेर्लेदांच्या धरणानं कालव्याचे दोन तुकडेच झाले. एवढ्या खटाटोपातून आज माझ्या वाट्याला काय आलं, तर काठची वाट.

त्या वाटेला तिथे 'आलाज' म्हणतात, म्हणजे ओढण्याची वाट. स्लेट, चुना, धान्य भरलेल्या बोटी घोडे दोरानं ओढायचे, कधी माणसं. दोर ताणलेला राहायला हवा म्हणून वाट पाण्याला चिकटून. वाटेत रस्त्याचा पूल आला तरी घोडा दोर सोडून वर कसा जाणार? म्हणून बऱ्याच पुलांखालून वाट काढलेली आहे. गाड्या नसण्याचं हे खरं कारण मला तिथे सायकल चालवताना उमगलं. ट्रक डोक्यावरून जातो, एक धडधड होते, आणि पूल मागे पडला की परत तो जात्याचा आवाज.

पहिल्या सकाळी गंमत झाली. सवयीनं दर पाच-सात सेकंदांनी नजर उजवीकडे खाली, आरशाकडे. आरसा नव्हताच. त्या जागी पाणी. उस्त नदी ती, कालवा तिथे बराचसा नदीतूनच जातो. शेवाळी रंगाचं, संथ पाणी, वर ओकची सावली. दुपारपर्यंत मी शंभरदा तिकडे बघत होते. एकदा त्या नजरेत निळी रेघ सापडली. खंड्या! मुठेवर दिसतो तोच छोटा खंड्या, जातही तीच. आणि राखी बगळे. ते काठावर उभे, आपण जवळ गेलो की वैतागून उडतात आणि शंभर पावलांवर, आपल्याच वाटेवर पुढे जाऊन बसतात. मग परत तेच. एका बगळ्याला मी असं किलोमीटरभर हाकलत नेलं. मागे वळून उडावं, हे त्याला सुचेना.

पण अगदी धोका नाही असं समजू नका. मालेस्त्रवाच्या अलीकडे मासे पकडणाऱ्या एका आजोबांची गळाची काठी वाटेवर आडवी होती, चांगली लांबलचक. मी बगळ्याकडे बघत होते. कच्चकन ब्रेक लावला, सायकल तिरकी झाली, मी गवतात. त्यांनी आधी काठी तपासली, मग मला. मग "बाँजूर" म्हणाले. तिथे बाँजूरशिवाय काहीच सुरू होत नाही. दुकानात शिरल्यावर आधी ते म्हटलं नाही, तर पाव मिळतो, पण अपराध्यासारखा.

पावावरून आठवलं. खरी काळजी चोराची नाही, सोमवारची करा. रविवारी दुपारनंतर गावं मिटतात आणि सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. जोस्लँला, तो नदीत पाय सोडून बसल्यासारखा तीन बुरुजांचा किल्ला बघत, मी आदल्या दिवशीच्या थेपल्यांवर सोमवार काढला. पाण्यासाठी युक्ती आहे, ती लेकानं शिकवली: गावाचं कब्रस्तान शोधायचं. लोक थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालतात, म्हणून तिथे नळ असतोच. मात्र 'नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर प्यायचं नाही. पहिल्यांदा बाटली भरताना मला ओशाळल्यासारखं झालं. शेजारी एक बाई झारी भरत होती, तिनं नळ माझ्याकडे वळवून दिला.

रोआं सोडलं की पोंतिवीकडे जाताना कालवा एका नदीचं खोरं सोडून दुसरीच्या खोऱ्यात जातो. मधला उंचवटा बोटीनं चढायचा कसा? जिन्यानं. पाण्याच्या पायऱ्या, म्हणजे दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची आणि पाणी चढवून तिला वरच्या पातळीवर न्यायची. अशा पन्नासहून जास्त, दारामागून दार. सायकलला मात्र हा चढ कळतही नाही. प्रत्येक दारापाशी एक छोटा उंचवटा, बस. दाराशेजारी रखवालदाराचं घर, दगडी, दारात हायड्रेंजियाची झुडपं.

खाली उस्तवर अशा एका दारापाशी मी तासभर बसले होते. रखवालदार मुलगी विशीतली असेल. एक छोटी बोट आत आली, मुलीनं मागचं दार लावलं, लोखंडी हँडल घालून झडप उघडली, आणि पाणी खाली जायला लागलं. बोटीवरचं जोडपं दोर हातात धरून हळूहळू भिंतीत उतरत गेलं, आधी गुडघे दिसेनासे झाले, मग कंबर, मग नुसत्या टोप्या. कोणी घाई करत नव्हतं. साडेबारा वाजले तशी मुलगी हँडल काढून जेवायला गेली. पुढची बोट थांबली. मीही थांबले, मला कुठे जायचं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मागून मुरमाचा आवाज आला. चांगला लांबून. मग घंटी, मग बाँजूर, आणि सत्तरीतलं एक जोडपं बॅटरीच्या सायकलींवर डावीकडून पुढे गेलं. ती दोघं दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आवाजावर मी अंग चोरलं नव्हतं.

तर वन्सं, माणसं असतात. कमी असतात. तुम्हाला जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर बघा, रेनकोट घ्या, आणि लोकल गाडीत सायकल चढवता येते का ते आधी विचारून ठेवा.

पोंतिवीहून परत आल्यावर लेकानं चेन बघितली आणि कपाळाला हात लावला. जुना टूथब्रश आणि बादली दिली. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून मी एकेक कडी घासत होते, बादलीत पिवळं पाणी साचत होतं. खालून बस गेली. मान लगेच उजवीकडे.