तुम्ही विचारलंत म्हणून: हा राजमाच ना?

"हा राजमाच ना? मग त्यात बिअर आणि बेकन कशाला? ते काढून कर की." टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आमच्या मंडळाचा गणपती असो नाहीतर कोणाकडचं हळदीकुंकू, मी केलेला मेक्सिकन घेवडा बघून हा प्रश्न मला कोणीतरी विचारतंच. इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

काढून करता येतं. पिंटो बीन्स, पाणी, कांदा, लसूण, मीठ, मंद आच आणि दोन तास. मेक्सिकोत त्याला फ्रिहोलेस दे ला ओया म्हणतात, म्हणजे हंडीतला घेवडा. रोजचं, पोटभरीचं अन्न आहे ते, आणि माझ्याही घरी आठवड्यातून एकदा होतं. पण तुम्ही ज्याबद्दल विचारता ते फ्रिहोलेस बोराचोस. बोराचो म्हणजे दारू प्यायलेला. हा पदार्थ मेक्सिकोच्या उत्तरेचा, मोंतेर्रे शहराकडचा. त्या शहरात १८९० पासून बिअरचा मोठा कारखाना आहे आणि दक्षिणेत काळा घेवडा चालतो तसा तिथे ठिपक्यांचा पिंटो चालतो. बिअर न घालता केला तर तो फ्रिहोलेस चारोस होतो. बेकनही, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, काढलं तर हंडीतला घेवडा उरतो. नावं वेगळी आहेत, कारण पदार्थ वेगळे आहेत.

आणि "राजमाच ना" म्हणाल तर राजमा आणि पिंटो एकाच जातीचे, हे खरं. पण मूळ तिकडचं आहे. मिरची आणि टोमॅटोसारखा घेवडाही आपल्याकडे अमेरिका खंडातून आला. त्यांचा पदार्थ आपल्या राजम्याची बिघडलेली आवृत्ती असल्यासारखं बोललात की मला राग येतो.

मला हे शेजारच्या सेन्योरांनी, म्हणजे शेजारच्या बाईंनी, शिकवलं. सत्तरीच्या, मोंतेर्रेच्या. मी इथे नवी होते तेव्हा त्यांनी माझा कुकर ओट्यावरून उचलून खाली ठेवला आणि पातेलं चढवलं. आमच्या शहराचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, त्यातल्या कॅल्शियममुळे घेवड्याची सालं लवकर मऊ होत नाहीत. म्हणून रात्रभर भिजवायचं. टोमॅटो आणि बिअर दोन्ही आंबट, ती आधी घातली तर दाणा अडून बसतो. म्हणून आधी पूर्ण शिजवायचं. दाणा जिभेने टाळूवर दाबून बघायचा, पिठूळ लागला की झालं. मग दुसऱ्या भांड्यात बेकनचे जाड तुकडे मंद आचेवर ठेवायचे, चरबी सुटू द्यायची, त्यातच कांदा, सेरानो मिरची, टोमॅटो. वर एक बाटली तांबूस बिअर. फार कडू बिअर घेऊ नका, आटल्यावर तो कडूपणा आणखी वाढतो. फेस बसला की घेवडा त्याच्या पाण्यासकट ओतायचा, अर्धा तास उकळायचा, शेवटी कोथिंबीर.

"अल्कोहोल उडून जातं ना?" हेही विचारता. सगळं नाही जात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात अर्ध्या तासाच्या उकळीनंतर साधारण ३५ टक्के उरतं असं दिलंय. एका बाटलीचं दहा वाट्यांत वाटलं तर वाटीमागे अर्ध्या-पाऊण मिलिलिटरचा हिशोब होतो, पण उरतं. पूर्वी मी "सगळं उडतं" असंच सांगायचे. आता सांगत नाही, आणि त्याला कारण आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात आत्या आली होती. कोरेगावची. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकलेली नाही. रविवारी सकाळी ओट्यावर पिंटो भिजत होता. आत्याने दोन दाणे उचलून खिडकीपाशी नेले. बदामी रंगावर तपकिरी शिंतोडे. तिचा चेहरा एकदम खुलला. "अगं, हा तर आपला वाघ्या घेवडा!" कोरेगावच्या माणसाला वाघ्या म्हणजे काय, हे साताऱ्याकडच्यांना सांगायला नको. मी म्हटलं, "हो आत्या, आपलाच."

त्या दिवशी सेन्योरांच्या घरचे सगळे जेवायला होते. मी मोठं पातेलं केलं आणि आत्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळं काढलं, बेकनचे तुकडे एकेक वेचून. सकाळच्या त्या "आपलाच"मध्ये खोटं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होते. तुकडे नाहीत म्हणजे झालं, असंही सांगत होते. चरबी तर रश्श्यातच होती. आणि पिंटो शिजला की ठिपके जातात, सगळे दाणे एकाच रंगाचे होतात. ताटात बघून कोणाला काही कळणार नव्हतं.

आत्याने दुसरी वाटी मागून घेतली.

संध्याकाळी माझ्या सात वर्षांच्या मुलीने तिला आनंदाने सांगितलं, "आजी, तुला बेकन आवडलं ना!" आत्या ओरडली नाही. अंघोळ करून आली, गळ्यातली माळ उतरवली, पांडुरंगाच्या तसबिरीपुढे ठेवली आणि न जेवता झोपायला गेली. सकाळी चहा घेताना एवढंच म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी भाकरी-चटणी खाल्ली असती गं." पुढचे दीड महिने ती बिनमाळेची माझ्या घरात वावरली. गावी गेल्यावर पंढरपूरला जाऊन तिने परत माळ घातली.

बरीच वर्षं मी मनाशी भांडत होते की मला घाई होती, पाहुणे होते, दोन वेगळी पातेली पहिल्यापासून चढवायला जमलं नसतं. जमलं असतं. दुसरा गॅस मोकळा होता. मला समजावत बसायचं नव्हतं आणि आत्याने माझ्या हातचं "छान" म्हणावं असं फार वाटत होतं, हे खरं कारण. म्हणून कोणी "राजमाच ना?" म्हटलं की मी चिडते. "हो" म्हणणं सगळ्यांत सोपं असतं, आणि मी एकदा ते म्हटलंय.

आता कोणी येणार असेल तर दोन पातेली सुरुवातीपासून वेगळी, दोन डाव वेगळे, आणि ताट वाढण्याआधी कशात काय आहे ते मी सांगते. काहीजण ऐकून नुसता भात-वरण खातात. खाऊ देत. पण बोराचोस करायचं मी सोडलेलं नाही, आणि सोडावं असं आत्याही कधी म्हणाली नाही. सेन्योरांनी मला दिलेलं ते आहे, आणि चूक त्यांच्या पदार्थाची नव्हती.

फोनवर आत्या सगळ्यांची चौकशी करते, सेन्योरांचीही. त्या दुसऱ्या वाटीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिला ते आवडलं होतं. ते आठवून तिला अजून त्रास होतो का, हे विचारायचं म्हणून मी दरवेळी फोन उचलते आणि पावसापाण्याचं बोलून ठेवते.