माफी आणि जागा

बुधवार, रात्र

आज यांचा निरोप आला, तोही थेट नव्हे, धाकट्या भावोजींकरवी. झाले गेले विसरून जावे, आपण परत यायला तयार आहोत, एवढाच. सासूबाई तेव्हा गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “तुला योग्य वाटेल ते कर. मी त्याची आई असले, तरी राहते तुझ्याजवळ.”

यांनी घर सोडले तेव्हा मला सर्वांत जड गेले ते लोकांना उत्तर देणे. विचारणाऱ्याला मी ‘पुण्याला बदली झाली’ असे सांगत असे आणि शेजारी बसलेली लेक ते निमूटपणे ऐकत असे. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारायला ती यांच्याबरोबरच जायची. ते गेल्यानंतरच्या रंगपंचमीला मैत्रिणी बोलवायला आल्या, तर डोके दुखते म्हणून आतच पडून राहिली. माझ्या वाट्याचे दुःख मी कधीतरी विसरेन, पण तिचे ते पडून राहणे मला विसरता येत नाही.

तरीही राग ओसरला आहे, हे आज निरोप ऐकताना लक्षात आले. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढले यावरून आपण पुराचा अंदाज घेतो, तशी यांचे नाव निघाले की घसा किती दाटतो यावरून मी स्वतःला जोखत आले. आज तो दाटला नाही. यांचे वाईट व्हावे असे आता वाटत नाही. याला माफी म्हणत असतील, तर ती मी केली आहे.

परंतु माफ केले म्हणून नांदायला घ्यावे, हे मला पटत नाही. वकीलबाईंनी मागे समजावले होते की, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार जोडीदाराची क्रूरता किंवा व्यभिचार माफ केलेला असेल, तर त्याच कारणावरून घटस्फोट मागता येत नाही. ते ऐकून मी घाबरले होते. मग त्यांनीच १९७५ चा दास्ताने खटला सांगितला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अशा माफीत दोन गोष्टी लागतात : अपराधाची क्षमा आणि जोडीदाराला पूर्वीच्या स्थानी पुन्हा बसवणे. पहिली माझ्याकडून झाली. दुसरी होणार नाही.

मावशी मात्र सीतेचा दाखला देतात. पंचवटीत राहणाऱ्या बाईला तो चुकत नाही, त्यातून आमचे घर सीतागुंफेपासून हाकेच्या अंतरावर. सीतेने किती सोसले हे सांगणाऱ्यांना, ती शेवटी परत नांदायला गेली नाही, हे बरे आठवत नाही!

राहिला पोटगीचा प्रश्न. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले, सगळ्यांना ‘१२५’ म्हणून ठाऊक असलेले पोटगीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. लेकीसाठीचा माझा अर्ज त्याखालीच आहे. भावोजींनी तो मागे घेण्याविषयी हळूच सुचवून पाहिले. माझ्यावरचा अन्याय मी सोडून देईन, पण तिच्या शिक्षणाचा आणि जेवणाखाण्याचा पैसा सोडून देणारी मी कोण?

उद्या भावोजींना स्पष्ट सांगणार आहे की लेकीची इच्छा असेल तर यांनी रविवारी तिला जरूर भेटावे, सासूबाईंना भेटायला घरीही यावे, चहा मी करीन. अर्ज मात्र न्यायालयातच राहील, आणि बॅग घेऊन येऊ नये.