धरण थांबत नाही, मग मी खेळू कशाला?

गोष्टीचा गेम अर्ली ॲक्सेसला काढणं, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवणं, मुळातच अवघड असतं. लढाईचा किंवा शेतीचा गेम अर्धा बनलेला असला तरी त्यातली लढाई किंवा शेती खेळता येते, गोष्ट अर्धी म्हणजे अर्धीच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेस मार्च २०१३ पासून आहे आणि गोष्टीवाले लोक त्यातून आपापली वाट काढत आलेत. 'बाल्डर्स गेट ३' वाल्यांनी ऑक्टोबर २०२० ला फक्त पहिला अंक दिला आणि पुढचं सगळं ऑगस्ट २०२३ पर्यंत झाकून ठेवलं, 'हेडीस'चा खरा शेवट २०२० मध्ये पूर्ण आवृत्ती आली तेव्हाच मिळाला. तोपर्यंत खेळाडू मधली जागा स्वतःच्या अंदाजाने भरत राहतो, आणि तो अंदाज काय आहे हे बनवणाऱ्यांना रिव्ह्यू वाचल्याशिवाय कळत नाही.

आमची पुण्यातली छोटी टीम आहे, एका फ्लॅटमध्ये बसून काम चालतं. गेम म्हणजे फासे टाकून संवाद करायचा रोल-प्लेइंग गेम, तलवारबिलवार काही नाही. सह्याद्रीतल्या एका खोऱ्यातलं गाव, धरण मंजूर झालंय, आणि तुम्ही गावातली एक शिकलेली मुलगी, जिला मोजणीला आलेल्या साहेबाने हाताखाली ठेवलंय. घरं मोजायची, झाडं मोजायची, लोकांना कागद वाचून दाखवायचे. तिच्या अंगी अक्षर, चिकाटी, नाती, हजरजबाबीपणा अशी कौशल्यं, त्यावर फासे. अर्ली ॲक्सेसला पहिला भाग दिलाय, चावडीवर नोटीस वाचली जाते तिथपर्यंत. संवाद मी लिहिते, आणि आलेला प्रत्येक रिव्ह्यू वाचून टीमला सांगायचं कामही माझंच.

तर त्या सोमवारी सकाळी बघते तर शनिवार-रविवारी कुणीतरी परदेशी स्ट्रीमरने गेम लाइव्ह खेळून दाखवला होता आणि रिव्ह्यूंचा नुसता पाऊस पडला होता. विक्री छान झाली होती पण रिव्ह्यूंवरून स्टीम गेमला लावतं ते लेबल 'मोस्टली पॉझिटिव्ह'वरून 'मिक्स्ड'वर आलं होतं, म्हणजे पसंती सत्तर टक्क्यांच्या खाली. छोट्या गेमला हे फार लागतं, कारण कित्येक लोक ते लेबल बघूनच पुढे जातात, आत कुणी डोकावतही नाही.

माझी वाचायची एक पद्धत आहे. आधी किती तास खेळलाय ते बघायचं, मग माणूस शेवटचा कुठला प्रसंग सांगतोय ते, आणि अंगठा वर का खाली हे सगळ्यात शेवटी. दोन तासांच्या आत आणि चौदा दिवसांत पैसे परत मिळतात, त्यामुळे दीड तासाला गेलेला माणूस वेगळा आणि तीस तास खेळून चिडलेला वेगळा. त्या दिवशी तीस तासांच्या वर खेळलेला एक जण होता, त्याचा रिव्ह्यू मी उभ्याउभ्याच वाचून काढला. त्याने धरणाच्या इंजिनिअरशी बोलायच्या प्रसंगातला प्रत्येक फासा वेगवेगळ्या कौशल्याने टाकून बघितला होता, पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून खेळून. इंजिनिअरचं एक वाक्य आहे, "परत ये कधीतरी, बोलू", ते त्याला पुढच्या गुप्त वाटेची खूण वाटली. वाट सापडेना तेव्हा त्याने लिहिलं की माझ्या निवडीला काही किंमतच नाही, धरण थांबत नसेल तर मी खेळू कशाला.

असे बरेच होते. निवडीला किंमत नाही, रेलरोडिंग आहे म्हणजे एकाच रुळावरून ढकलत नेताय, लेखकाने आधीच ठरवलंय सगळं. आमचा प्रोग्रॅमर वाचून म्हणाला, लोकांना आनंदी शेवट पाहिजे, दुसरं काय. मला ते पटेना, म्हणून मी अंगठा वर केलेले सगळे रिव्ह्यू पुन्हा काढून वाचले, आणि तिथे जे दिसलं त्याने मला जास्त घाम फुटला. खूश असलेले लोकही तेच म्हणत होते! पुढच्या भागात धरण थांबवायला मी आतुर आहे, गावाला एकत्र करून साहेबाला हाकलणार, असं. म्हणजे चिडलेले आणि खूश असलेले एकाच गोष्टीची वाट बघत होते, फरक एवढाच की काहींना ती अजून बनायचीय असं वाटत होतं आणि काहींना ती नाहीच असा संशय आला होता. आणि ती आम्ही कधीच बनवणार नव्हतो. आज जे खूश आहेत ते पूर्ण आवृत्तीच्या दिवशी चिडणार हे स्पष्ट दिसत होतं.

यात खेळाडूंचं काही चुकत नाही असं मला मनापासून वाटतं. तयार गेममध्ये एखादा दरवाजा उघडत नसेल तर तो उघडायचा नाहीये एवढं कळतं. अर्ली ॲक्सेसमध्ये तोच दरवाजा अजून बनला नाहीये की कायमचा बंद आहे हे सांगणारं काहीच नसतं, दोन्ही दिसायला सारखेच. वरून स्टीमच सांगतं की पुढचं अमुक देऊ तमुक देऊ अशी वचनं देत बसू नका, गेम आज आहे तसा विका. आमच्या प्रोग्रॅमरला धरण थांबत नाही हे दुकानाच्या पानावर लिहिणं म्हणजे गोष्ट फोडणं वाटत होतं. माझं म्हणणं, मुळशीला १९२१ पासून सेनापती बापटांसकट लोकांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी धरण झालं, आणि आपल्याकडे हे शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला लागत नाही. ही गोष्ट धरण होतं का याची नाहीच. वाद बराच चढला, जेवण तसंच राहिलं.

आणि मग दुपारी तो रिव्ह्यू आला. भाषा इंग्लिश म्हणून नोंदवलेला, आत सगळं मराठी, देवनागरीत. एक तास चाळीस मिनिटं खेळलेला, अंगठा खाली. लिहिणारा पनवेलकडचा मुलगा, घर मूळचं कोयना खोऱ्यातलं, आजोबांना धरणामुळे रायगडात जमीन मिळाली ती कहाणी. त्याने गेम आजीला शेजारी बसवून खेळला होता, इंग्लिश संवाद मराठीत सांगत सांगत. त्याने लिहिलं होतं, नोटीस वाचली आणि सगळे गाडीत बसल्याचं चित्र आलं तेव्हा आजी म्हणाली, "एवढ्यात कुठं निघाली सगळी? आणि एकाच गाडीत?"

ते चित्र म्हणजे पुढच्या भागाची झलक म्हणून आर्टिस्टने शेवटी टाकलेलं, सामानाने भरलेला एक ट्रक आणि वर बसलेलं गाव.

मी रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं, आजींशी बोलता येईल का असं विचारलं. उत्तर आलं, "ताई, ती संध्याकाळी मोकळी असते, पण ऐकू कमी येतं, मी मध्ये सांगेन." सातच्या सुमारास व्हिडिओ कॉल झाला, आम्ही सगळे एका लॅपटॉपभोवती.

आजी तेव्हा लहान होत्या, म्हणजे जे सांगितलं ते मुलीच्या नजरेचं, तारखा नाहीत. पण काय काय सांगितलं त्यांनी! आंब्या-फणसांवर खुणा करून गेले, कुठलं झाड धरलं आणि कुठलं सोडलं यावरून भावकीत भांडणं लागली. घरं पाण्याने नाही पडली, लोकांनी स्वतः उतरवली, कारण लाकूड आणि कौलं नवीन जागी लागणार. आणि गाव एकत्र गेलंच नाही. कुणी कोकणाकडे उतरलं, कुणी सोलापूर-सांगलीकडे गेलं, आणि कित्येक जण कुठेच न जाता डोंगरात वर सरकले, पाण्याच्या वरच्या बाजूला. मी मध्येच विचारलं, आजी, मग ठरवलं कुणी कुठे जायचं? तर म्हणाल्या, "आमच्या घरात तर चार भावांनी तीन ठिकाणं धरली. एकमेकांशी बोलत नव्हते ना."

आमचा प्रोग्रॅमर माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. सकाळपासून लोक ओरडत होते की निवडीला किंमत नाही, आणि खरी निवड ही इथे होती. धरण होणारच, पण कोण कुणाबरोबर कुठे जाणार? भात-नाचणी करणारं घर सोलापूरच्या काळ्या रानात ज्वारी करायला गेलं तर काय होतं? वर सरकलेल्यांचं तर पुढे अजून झालं, कोयना अभयारण्य १९८५ ला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० ला, म्हणजे त्यांच्यातल्या गावांपुढे पुन्हा उठायचाच प्रश्न. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ चा, कोयनेची भिंत त्याच्या बरीच आधीची, त्यामुळे त्या काळातली मोजणी, कागद, कुणाचं नाव यादीत आलं आणि कुणाचं राहिलं यात आमच्या त्या शिकलेल्या मुलीच्या हातात खरोखर काहीतरी होतं. अक्षर हे कौशल्य आम्ही दिलं होतं, आता त्याला काम मिळालं.

रात्री उशिरापर्यंत व्हाइटबोर्ड भरला. गावातली सहा घरं धरली आणि तीन ठिकाणं, तर ७२९ शक्यता होतात, तेवढं कुणी लिहू शकत नाही. मग असं ठरलं की प्रत्येक घराचा प्रत्येक ठिकाणचा एक प्रसंग, म्हणजे अठरा, आणि सहा घरांच्या पंधरा जोड्या होतात, त्या प्रत्येक जोडीसाठी एकत्र गेले तर एक छोटा संवाद आणि तुटले तर दुसरा. ते लिहिता येतं. जिथे दोन घरं वेगळी झाली तिथे पत्र येतं, पत्र वाचायला मुलगी तिकडे नसेल तर न वाचलेलं राहतं, ही कल्पना आर्टिस्टची, मला फार आवडली. प्रोग्रॅमरने आधीच सांगून ठेवलं की खेळाडूंनी जपून ठेवलेल्या जुन्या सेव्ह फाइल नवीन बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नव्या आवृत्तीत, उघडल्या पाहिजेत, तीस तास घालवलेल्या माणसाचे तास आम्ही पुसणार नाही, मग त्याला दोन आठवडे लागोत.

दुकानाच्या पानावर दुसऱ्या दिवशी एक ओळ टाकली: या गोष्टीत धरण होतं, गावाचं पुढे काय होतं ते तुमच्या हातात आहे. ट्रकचं चित्र काढून टाकलं. इंजिनिअरचं "परत ये कधीतरी" मात्र मी ठेवलं, साहेब लोक असंच बोलतात, पण आता परत गेलं की तो भेटत नाही, शिपाई सांगतो साहेबांची बदली झाली.

त्या ओळीमुळे काही लोकांनी पैसे परत घेतले. गाव वाचवायचं म्हणूनच त्यांनी गेम घेतला होता, तो त्यांच्यासाठी नाहीये हे त्यांना महिन्यांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलं. नवीन बिल्ड गेल्यावर लेबल हळूहळू वर आलं. तीस तासवाल्याने रिव्ह्यू बदलला नाही, त्याने खाली भर घातली की यादीचा भाग चांगला झालाय पण इंजिनिअरला हरवता आलं पाहिजे हे मत कायम आहे, आणि तो अजून खेळतोय, तास वाढताना दिसतात.

पनवेलच्या मुलाचाही अंगठा खालीच आहे. आजीला आवाज हवाय म्हणाला, वाचून दाखवताना त्याचा घसा बसतो. मराठी आवाज भरायला पैसे लागतात, आम्ही निदान म्हाताऱ्या माणसांचे संवाद तरी आधी रेकॉर्ड करतोय, आणि त्यातल्या एका पात्रासाठी आजींना विचारलंय.