कानात प्राण आणून

शुक्रवार, रात्री १.५०

आत्ता हेडफोन काढले. कान तापलेत, खांदे आखडलेत, झोप येईल असं काही वाटत नाही म्हणून लिहायला बसले. अ‍ॅम्नेशिया हा भीतीचा गेम परत खेळायला घेतलाय, त्या मालिकेतला पहिलाच, २०१० मध्ये आलेला. तेव्हा कॉलेजात होते, लॅपटॉप जुना होता, सगळी सेटिंग्ज खाली आणून खेळायला लागायचं, आता सगळं फुल्ल ठेवून खेळतेय आणि तरी फार फरक पडला असं नाही, कारण त्या गेममध्ये मुळात असतो तो अंधार. १८३९ साल, एक मोठा पडीक किल्ला, डॅनियल नावाचा माणूस तिथे जागा होतो आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नसतं, कारण त्यानेच औषध पिऊन सगळं पुसून टाकलेलं असतं. हातात बंदूक नाही, काठी नाही. एक कंदील, त्यात संपत येणारं तेल, आणि भिंतीवरचे दिवे पेटवायला मोजक्या चकमकी. अंधारात फार वेळ थांबलं की त्याचं डोकं फिरायला लागतं, सगळं हलायला लागतं, दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. आणि उजेडात थांबावं तर जे तिथे फिरतंय त्याला आपण दिसतो.

आणि ते जे फिरतंय त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की डोकं अजून बिघडतं. म्हणजे पावलं जवळ येतायत, काहीतरी फरफटत येतंय, आणि आपण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचं, आवाज लांब जाईपर्यंत. मी आज किती तरी वेळ नुसती भिंत बघत घालवला. पुढे त्या पाण्याने भरलेल्या तळघरात तर जे अंगावर येतं ते दिसतच नाही, नुसतं पाणी उडताना दिसतं, छप छप छप, आपण एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारायच्या, आणि अगदीच रस्ता नसेल तर मांसाचा तुकडा लांब फेकायचा आणि तो आवाज तिकडे वळला की पळायचं. कानात प्राण आणून ऐकणं म्हणजे काय ते मला त्या तळघरात कळलं.

पण मला खरं तर दाराबद्दल लिहायचंय. बाकीच्या गेममध्ये बटण दाबलं की दार उघडतं. इथे माऊसने दार धरायचं, धरूनच ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा, हात जेवढा येईल तेवढंच दार येतं. बोटभर उघडून फटीतून बघता येतं, घाबरून धाडकन लावताही येतं. आज एक दार असं बोटभर उघडलं आणि माझ्या उजव्या हाताला नारायण पेठेतल्या वाड्याचं माजघराचं दार आठवलं. मला नंतर आठवलं, हाताला आधी. ते दार खाली घासायचं म्हणून उघडताना जरा उचलून धरायला लागायचं, नाहीतर असं करकरायचं की आजी जागी व्हायची. रात्री बाहेर जायचं असेल तर कडी आधी अंगठ्याने दाबून धरायची, मग सरकवायची, मग दार उचलायचं, मग ओढायचं. पुढे चौक. चौकात झीरोचा एक पिवळा बल्ब, तोही बऱ्याचदा गेलेला. डावीकडे हौद, हौदापलीकडे बोळ आणि बोळाच्या टोकाला सामायिक संडास. हातात टमरेल. मी सात-आठ वर्षांची.

आजीचं सांगणं ठरलेलं असायचं. जाताना रामरक्षा म्हण, येताना मागे वळून बघू नकोस.

त्या बोळात मला कधी काही दिसलं नाही. एकदाही नाही. पण तो बोळ आजही मला इतका पाठ आहे, कुठला दगड हलायचा, कुठल्या कोनाड्यात पणती असायची, उजव्या भिंतीला कुठे ओल धरलेली आणि हात लावला की चुना कसा गार भुरभुरायचा, सगळं. आणि या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं राहतेय तरी जिन्याच्या भिंतीचा रंग कुठला हे विचारलं तर खाली जाऊन बघायला लागेल.

शनिवार, दुपारी

काल ऑफिसमध्ये एकीने विचारलं, पैसे देऊन घाबरून घ्यायचं कशाला गं? तेव्हा हसून सोडून दिलं पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

एक म्हणजे मला भॉकवाले गेम आवडत नाहीत. दाराआड लपून भॉक करणारा चुलतभाऊ प्रत्येकाला असतो, त्याने दचकायला होतं, राग येतो, संपलं. भीती ती नव्हेच. भीती म्हणजे तो दाराआड आहे की नाही हे माहीत नसताना दारापर्यंत चालत जाणं. चांगले गेम तुम्हाला चालायला लावतात आणि बराच वेळ काही म्हणजे काही करत नाहीत.

सायलेंट हिल बघा. १९९९ चा पहिला, प्लेस्टेशनवरचा. त्या मशीनला एवढं मोठं गाव लांबपर्यंत दाखवणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांनी धुकं आणि अंधार घातला. म्हणजे मशीनची अडचण होती, आणि त्यातून असं काही निघालं की अजून लोक त्या धुक्यासाठी तो गेम काढून बसतात. त्यात एक छोटा रेडिओ असतो, काहीतरी जवळ आलं की खरखरायला लागतो. किती जवळ, कुठल्या बाजूला, काही सांगत नाही. नुसती खरखर. शत्रू कुठंय हे दाखवणारा नकाशा दिला असता तर तो गेम दोन दिवसांत विसरला गेला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जुलैत सिंहगडावर गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. वर पोचलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. कल्याण दरवाज्याकडे जाताना मागच्या वेळी मी ग्रुपच्या जरा पुढे गेले, दोन मिनिटं फक्त, आणि मागे-पुढे नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यातून आधी आवाज आला, "ताई, गरम भजी घ्या, पिठलं-भाकरी आहे", मग चुलीचा वास आला, आणि मग खूप वेळाने ती मावशी दिसली. त्या दोन मिनिटांत मी जेवढी शुद्धीवर होते तेवढी अख्ख्या आठवड्यात नव्हते. माझ्या बुटाखालची माती कशी आहे ते मला माहीत होतं, वारा कुठून येतोय ते माहीत होतं, स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

हेच उत्तर आहे खरं तर, सोमवारी तिला सांगेन. ऑफिसात, रस्त्यावर, फोनवर मी कुठेच पूर्ण नसते, अर्धी इथे अर्धी तिथे. त्या अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये मी सगळीच्या सगळी असते. भीती वाटते म्हणून असते. जिथे भीती वाटते तिथलं काहीही आपण असंच वरवर बघून सोडत नाही.

शनिवारवाड्याचंही लहानपणापासून ऐकतोच आपण. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं, आणि अमावस्येला म्हणतात तर कोणी पौर्णिमेला, "काका मला वाचवा" असा आवाज येतो. मला त्या गोष्टीची कधी भीती वाटली नाही, कारण तिच्यात सगळं सांगून टाकलंय, कोण ओरडतो, काय ओरडतो, का ओरडतो. वाईट वाटतं, भीती नाही. पण १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला आणि आता नुसती जोती उरलीत, त्या जोत्यांमधून संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आधी एकटं चाललं की कुठे भिंत असेल, कुठे दार असेल, आत्ता मी कोणाच्या खोलीतून चाललेय, हे मन आपोआप बांधायला लागतं. तिथे मात्र माझी पावलं हळू होतात.

रविवार, रात्री उशिरा

धाकट्याकडे गेले होते बावधनला. त्याच्या जुन्या पीएस४ वर, म्हणजे प्लेस्टेशन ४ वर, एलियन आयसोलेशन लावला, २०१४ चा. अख्खं सेवास्तोपोल नावाचं अंतराळ स्टेशन आणि त्यात तो परग्रहावरचा प्राणी, मारता न येणारा. माझा भाऊ प्रोग्रामर असल्यामुळे त्याला त्यातली यंत्रणा भारी वाटते, मला त्यानेच सांगितली होती. त्या प्राण्याला दोन मेंदू दिलेत म्हणे. वर एक असतो त्याला आपण कुठंय ते कायम माहीत असतं, पण तो खालच्याला नेमकी जागा सांगत नाही, नुसतं सुचवतो की त्या भागात जरा बघ. खालचा जो खरा फिरणारा, त्याला फक्त डोळे-कान असतात, शोधायचं त्याचं त्यालाच. आणि आपल्यावर फार वेळ ताण आला की वरचाच त्याला मागे बोलावतो. म्हणून तो जिवंत वाटतो, आजीच्या गोष्टीतल्या वेताळासारखा, आसपास आहे, नेमका कुठे ते नाही.

पीएस४ चा कॅमेरा लावला की गेम आपल्या खोलीतला आवाजही ऐकतो, हे मात्र मला नवीन होतं. मी कपाटात लपलेले, मोशन ट्रॅकर, म्हणजे हालचाल टिपणारं यंत्र, खाली ठेवलेला कारण त्याचा टिकटिक आवाजही त्याला जवळून ऐकू जातो, आणि नेमकी तेव्हाच खाली सोसायटीच्या गेटपाशी कुत्री भुंकायला लागली. भावाने झटकन उठून खिडकी लावली. आम्ही दोघं आपापल्या श्वासावर हात ठेवल्यासारखे बसलो होतो, वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन आली ती दारातच थांबली आणि कुजबुजत विचारते, "काय झालं?" तीही कुजबुजत!

मग त्याने पी.टी. उघडला. हा गेम आता कोणाला मिळत नाही. १२ ऑगस्ट २०१४ ला फुकट आला, नवीन सायलेंट हिलची झलक म्हणून, पुढच्या वर्षी तो मोठा गेम रद्द झाला आणि हा स्टोअरवरून काढून टाकला. ज्यांनी तेव्हा उतरवून ठेवला त्यांच्याच मशीनवर तो उरलाय, म्हणून भावाने तो पीएस४ विकला नाही, आणि विकणारही नाही म्हणतो.

त्यात आहे काय, तर एका साध्या घराचा काटकोनात वळणारा एक पॅसेज. घड्याळात ११ वाजून ५९ मिनिटं. टोकाच्या दारातून बाहेर पडलं की परत त्याच पॅसेजच्या सुरुवातीला. परत चाला, परत तेच. दर वेळी एखादी गोष्ट बदललेली, दिवा, फोटो, बाथरूमचं दार जरासं उघडं. जपानमध्ये बनलेला गेम, घर अमेरिकेतलं, आणि मी पहिल्यांदा खेळले तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, चकवा. आजोळी माळावरून येणारी माणसं सांगायची ना, रात्रभर चालतोय चालतोय आणि परत त्याच बाभळीपाशी, तो चकवा. त्याचं दिसणं कोणी सांगत नाही, कारण चकव्याला दिसणंच नसतं, वाट हीच त्याची जागा.

आणि एक गोष्ट, जी कळल्यापासून मी तो गेम एकटीने खेळलेले नाही. २०१९ मध्ये एका मॉडरने, म्हणजे गेम आतून उघडून बदलणाऱ्याने, त्यातला कॅमेरा मोकळा करून बघितला तेव्हा दिसलं की टॉर्च मिळाल्या क्षणापासून त्या घरातली भुताची बाई तुमच्या पाठीलाच चिकटून चालत असते. ती मागे आहे असं वाटतं, तर ती खरंच मागे असते. पाच वर्षं लोक खेळत होते आणि हे कोणाला माहीत नव्हतं. मला आजीचं वाक्य आठवलं आणि मी ते भावाला म्हणाले, येताना मागे वळून बघू नकोस. तो म्हणाला, "ताई, मला तर ती पुढे बघ म्हणायची, खाली बघ म्हणायची, तो दगड हलतो म्हणून."

मला हे माहीतच नव्हतं.

मंगळवार, रात्री ११.२०

संध्याकाळपासून पाऊस आहे आणि साडेनऊला लाईट गेले. लॅपटॉपला चार्ज होता म्हणून मी हॉलमध्ये बसून खेळत होते, हेडफोन सापडेना म्हणून स्पीकरवरच. आई पलीकडे सोफ्यावर, आडवी. मी समजत होते झोपलीये.

"वर कोण चालतंय गं?"

वर कोणी नव्हतं. आमच्या डोक्यावर गच्ची आहे. गेममधला तो आवाज, लाकडी तक्तपोशीवर कोणीतरी चालतंय, थांबतंय, परत चालतंय. मी म्हटलं, गेममध्ये आहे आई. ती उठून बसली. म्हणाली, "बंद नको करूस, राहू दे." आणि ऐकत बसली, स्क्रीनकडे तिचं लक्षही नव्हतं. मग म्हणाली, वाड्यात वरच्या भाडेकरूंपैकी कोण चाललंय ते मला खाली पोळ्या लाटता लाटता कळायचं. मास्तर टाच आपटत चालायचे, त्यांची बायको चालली तर तुळईवरची माती पडायची नाही. तुझे बाबा जिना चढताना चौथ्या पायरीला थांबायचे, चप्पल काढायला. ते गेल्यावर पुढे कितीतरी दिवस चौथ्या पायरीपर्यंत कोणी आलं की माझा हात थांबायचा.

हे ती मला कधी बोलली नव्हती. वाडा पाडला तेव्हा आम्ही चौकाचे, ओसरीचे, दिंडी दरवाज्याचे फोटो काढले होते, माणसांना उभं करून, उन्हात. बोळाचा एकही नाही. तिथे आता पार्किंग आहे, दिवसरात्र ट्यूबलाईट.

मी गेम थांबवला नाही पण डॅनियलला एका कोपऱ्यात उभं करून ठेवलं, कंदील विझवून, म्हणजे आवाज चालू राहील. बाहेर पाऊस, आत ती पावलं. मी विचारलं, आई, माजघराच्या दारापासून संडासापर्यंत किती पावलं होती?

तिने डोळे मिटले. तिच्या मांडीवर बोटं हलत होती, मोजत होती.

"हौदापर्यंत नऊ," ती म्हणाली, "मग बोळाची... थांब, कोनाड्यापाशी वळायचं ना."